बीजिंगचा ७५ किलो गट आणि विजेंदरची उशिरा सुटलेली गाडी

सुरसागरकाठचा

परवा बडोद्यात कीर्तिस्तंभाजवळ सेवउसळ खायला थांबलो होतो. बरोबर मित्र आणि त्याचा अठरा वर्षांचा मुलगा. मुलगा मोबाइलवर बॉक्सिंग बघत होता, म्हणून सहज विजेंदर सिंगचा विषय काढला. तर तो तर्रीत पाव बुडवत म्हणतो, "काका, विजेंदर म्हणजे तोच ना, गोव्याला जहाजावर मार खाल्लेला?"

घास घशातच अडकला हो. माणसाने पंधरा-सतरा वर्षं रिंगमध्ये घालवली आणि पोरांच्या लक्षात राहिलं ते जहाज! घरी येऊन रात्री बाराला हा धागा काढायला बसलो आहे.

माझी विजेंदरशी ओळख तारखेनिशी सांगता येते. २२ ऑगस्ट २००८, श्रावणी शुक्रवार. दांडिया बाजारातल्या जुन्या घरी आजीची जिवतीची पूजा झाली होती, वाटीत फुटाणे, आणि दूरदर्शनवर ऑलिंपिकची उपांत्य लढत. समोर क्यूबाचा एमिलियो कोरेआ. ५-८ ने हरला. पण उपांत्य फेरी गाठली होती, म्हणजे कांस्य पक्कं. ऑलिंपिकमध्ये पदक मिळवणारा पहिला भारतीय मुष्टियोद्धा. आदल्याच बुधवारी, २० तारखेला, त्याने इक्वेडोरच्या कार्लोस गोंगोराला ९-४ ने हरवलं, त्याच दिवशी सुशीलकुमारने कुस्तीत कांस्य घेतलं. कुस्तीचं गाव असल्यामुळे आमच्याकडे पेढे सुशीलच्या नावाने आले, विजेंदरला त्यातलेच दोन. आजी विचारत होती, "हा कुस्तीचाच भाऊ का रे?"

आता मुद्द्याचं. त्याच स्पर्धेत विजेंदरची पहिली लढत होती गांबियाच्या बाडू जॅकशी. १३-२. बाडू जॅकला काही करता आलं नाही. हा बाडू जॅक २००९ मध्ये व्यावसायिक झाला आणि एप्रिल २०१५ मध्ये अँथनी डिरेलला हरवून डब्ल्यूबीसीचा (व्यावसायिक बॉक्सिंगच्या जागतिक संघटनांपैकी एक) सुपर मिडलवेट गटाचा जगज्जेता झाला. पुढे वजन वाढवत वरच्या गटांतही जगज्जेतेपदाचे पट्टे घेतले. गोंगोराला २०२० मध्ये आयबीओ या तशाच संघटनेचा पट्टा मिळाला. कोरेआला अंतिम फेरीत हरवणारा इंग्लंडचा जेम्स डीगेल २०१५ मध्ये आयबीएफ या आणखी एका संघटनेचा जगज्जेता. जानेवारी २०१७ मध्ये डीगेल आणि बाडू जॅक न्यूयॉर्कला एकमेकांसमोर आले आणि लढत बरोबरीत सुटली. म्हणजे बीजिंगच्या एका गटातली ही पोरं दहा वर्षं व्यावसायिक बॉक्सिंगच्या माडीवर बसली होती, आणि त्यातल्या दोघांना आपल्या भिवानीच्या पोराने सरळ सरळ हरवलं होतं.

आणि विजेंदर व्यावसायिक कधी झाला? ऑक्टोबर २०१५. तीस पुरायला तीन आठवडे कमी.

माझं म्हणणं एवढंच: ही गाडी सहा वर्षं उशिरा सुटली. २००९ मध्ये सुटली असती तर आज ते पोरगं जहाजाची गोष्ट बोललं नसतं. तुम्हाला काय वाटतं?

मांडवीचा_मांजा

पहिला प्रतिसाद माझा! सेवउसळ कुठली ते आधी सांगा, मग बॉक्सिंगचं बघू. (लेख मस्त. १३-२ माहीत नव्हतं.)

ठोसेबाज८२

लेख आवडला, निष्कर्षाशी असहमत. विद्यापीठाकडून दोन वर्षं ६० किलोत खेळलो आहे, त्यामुळे थोडं लांबण लावतो, सांभाळून घ्या.

१३-२ म्हणजे काय हे आधी समजून घ्यायला हवं. त्या काळी हौशी बॉक्सिंगमध्ये यंत्राने गुण मोजत. पाच पंच, प्रत्येकापुढे लाल आणि निळं बटण. ठोसा बसल्यावर एका सेकंदाच्या आत पाचांतल्या तिघांनी तेच बटण दाबलं तरच एक गुण. नाहीतर ठोसा हवेत गेला असं समजा, मग समोरच्याचं नाक फुटलेलं का असेना. त्यामुळे काय होतं, की लांबून मारलेला, हातमोज्याचा पांढरा भाग स्वच्छ लागलेला सरळ ठोसा तिघांनाही दिसतो. जवळ जाऊन बरगडीत घातलेले चार हूक (बाजूने वळवून मारलेले ठोसे) कोणालाच दिसत नाहीत, कारण पंचांच्या आणि ठोशाच्या मध्ये कोणाची तरी पाठ असते. विजेंदरचा उजवा सरळ लांब, पाय हलके, मारून बाहेर. त्या यंत्रासाठी घडवलेला बॉक्सर. दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्या, एकूण आठ मिनिटं.

मोठी व्यावसायिक लढत निदान दहा फेऱ्यांची, प्रत्येकी तीन मिनिटं. तीस मिनिटं! डोक्याला हेडगिअर नाही, अंगात बनियन नाही. फेरी जिंकली तर दहा, हरली तर नऊ, आणि पंच बघतो कोण कोणाला मागे रेटतोय. ज्या बरगडीच्या ठोशाला बीजिंगमध्ये शून्य मिळत होतं, तोच ठोसा इथे सहाव्या फेरीत हात खाली आणायला लावतो. बाडू जॅक तेच शिकला. तो पोटावर मारणारा माणूस आहे. २००८ च्या यंत्राला तो दिसलाच नाही.

थोडक्यात, एकाच नावाचे दोन खेळ आहेत. पत्त्यात रमीत जिंकलात म्हणून ब्रिजमध्ये जिंकाल असं नाही.

सुरसागरकाठचा

@ठोसेबाज८२, दोन खेळ आहेत हे मान्य. पण मग डीगेल? तोही त्याच यंत्रावर सोनं घेऊन गेला आणि नंतर जगज्जेता झाला. शिकता येतं, फक्त वेळेवर शिकायला लागतं. माझा मुद्दा तोच.

(अवांतर: त्या अंतिम लढतीत कोरेआने डीगेलला चावा घेतला आणि दोन गुण गमावले. हरला १४-१६ ने. हिशेब तुम्हीच करा.)

निवृत्त_कारकून

चर्चा वाचली. आपण तरुण मंडळी गाडी उशिरा सुटली म्हणता, पण गाडीभाडं कोण देणार होतं, ते कोणी विचारलं नाही.

वडील हरियाणा रोडवेजचे बसचालक. गाव कालुवास, भिवानीपासून जवळच. जादा पाळ्या करून मुलांना शिकवलं. थोरला भाऊ मनोज आधी बॉक्सर झाला, त्या जोरावर सैन्यात नोकरी लागली, मग धाकट्याला त्याने पुढे केलं. भिवानी बॉक्सिंग क्लबात जगदीश सिंग यांच्या हाताखाली तयार झाला. बीजिंगला अखिल, जितेंदर आणि विजेंदर तिघेही त्याच क्लबचे, तिघांनीही उपांत्यपूर्व फेरी गाठली. एका जिल्ह्याच्या गावात एवढं का, तर त्या खेळाने नोकरी लागते हे प्रत्येक घराने डोळ्यांनी पाहिलं होतं म्हणून.

२००९ मध्ये पोराच्या हातात काय होतं? ऑलिंपिक पदक, पोलिसांतली नोकरी, खेलरत्न, पुढच्या वर्षी पद्मश्री. व्यावसायिक झाला असता तर त्या काळच्या नियमाने लंडन ऑलिंपिकची दारं बंद. आणि भारतात तेव्हा व्यावसायिक बॉक्सिंगला विचारतो कोण? माझा मुलगा असता तर मीही म्हटलं असतं, बाळा, बस जागेवर. मी बँकेत ३४ वर्षं काढली, मला महिन्याच्या एक तारखेची किंमत माहीत आहे.

पुरणाचा_घास

निवृत्त_कारकून काका, +१. आमच्या घरी सध्या हेच चालू आहे!

माझी लेक १७ वर्षांची, ४८ किलोत खेळते. आमच्या वाड्यात दोरीवर साड्या, धोतर आणि मध्येच दोन लांबलचक लाल पट्ट्या वाळत असतात. सासूबाईंना शेजारची आजी विचारत होती, घरात कोणाचा हात मोडलाय का. त्या हाताला गुंडाळायच्या पट्ट्या! मनगटाला तीन वेढे, मग आंगठ्यावरून, बोटांच्या मधून, परत मुठीवर. रोज सकाळी साडेपाचला मी गुंडाळून देते. आता वेणी घालायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागतो. पण घामाचा वास, देवा! व्हिनेगरपासून लिंबापर्यंत सगळं करून झालं.

विजेंदरबद्दल लेकीला विचारलं. म्हणाली, "मम्मा, तो नंबर वन होता ना?" हे खरं आहे का? कुठे वाचलं माहीत नाही म्हणते.

ठोसेबाज८२

@पुरणाचा_घास ताई, खरं आहे. २००९ मध्ये मिलानच्या जागतिक स्पर्धेत कांस्य घेतलं आणि त्यानंतर एआयबीएच्या (तेव्हाची हौशी बॉक्सिंगची जागतिक संघटना) क्रमवारीत ७५ किलोत पहिला आला. मिलानला उपांत्य फेरीत उझबेकिस्तानच्या अब्बोस अतोएवकडून हरला. मग २०१० च्या नोव्हेंबरमध्ये ग्वांगझू आशियाई स्पर्धेच्या अंतिम फेरीत त्याच अतोएवला ७-० ने धुतलं. सात-शून्य! माझ्या मते विजेंदरची आयुष्यातली सगळ्यात चांगली लढत बीजिंगची नव्हे, ही. जगज्जेत्याला एक गुण मिळू दिला नाही.

आणि ही लढत झाली कधी, तर दिल्लीच्या राष्ट्रकुलनंतर दीडेक महिन्याने. दिल्लीत काय झालं होतं आठवतंय? इंग्लंडच्या ओगोगोविरुद्ध ३-० ने पुढे. पंचाने दोन ताकिदी दिल्या, एका ताकिदीचे समोरच्याला दोन गुण. ३-४ ने हरला. घरच्या प्रेक्षकांसमोर, एकही ठोसा न खाता चार गुण गेले म्हणा ना. दीड महिन्यात उठून ७-०.

लंडनला २०१२ मध्ये परत अतोएव, या वेळी १३-१७. तिथेच उपांत्यपूर्व फेरीत प्रवास थांबला. त्याआधीच्या फेरीत अमेरिकेच्या टेरेल गॉशाला १६-१५ ने हरवलं. गॉशाही पुढे व्यावसायिक झाला आणि जगज्जेतेपदासाठी लढला.

सुरसागरकाठचा

@ठोसेबाज८२, बघा, तुम्ही माझ्याच यादीत एक नाव वाढवलंत. :)

ओळखा_पाहू

एवढं कौतुक चाललंय म्हणून विचारतो, मग काँग्रेसमधून दक्षिण दिल्लीला पडले आणि नंतर भाजपमध्ये गेले ते कुठल्या वजनगटात धरायचं?

आणि व्यावसायिक कारकीर्द म्हणजे निव्वळ जाहिरात होती. कोण होते प्रतिस्पर्धी? सापाचं रक्त पितो म्हणणारा तो हंगेरीचा होर्वाथ? तिसऱ्या फेरीत आडवा. फक्त १३ विजय मोजायचे आणि टाळ्या वाजवायच्या.

संपादक मंडळ

राजकारणाचे प्रतिसाद या धाग्यावर नकोत. दोन उडवले आहेत, तिसरा उडवायला लावू नका. राजकारणासाठी वेगळा विभाग आहे.

शताब्दीवाला

@ओळखा_पाहू, भाऊ, जाहिरात होती हे अर्धं खरं. पण मी ५ ऑगस्ट २०१७ ला मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये बसलो होतो, म्हणून सांगतो.

बडोद्याहून आम्ही तिघे गेलो. घरी सांगितलं ऑफिसचं काम आहे. (बायको इथे वाचत नाही, म्हणून लिहितोय.) समोर चीनचा झुल्पिकार मैमैतिअली, विजेंदरपेक्षा कितीतरी लहान. भारत-चीन सीमातंट्याचं डोकलाम प्रकरण ऐन तापलेलं. प्रेक्षक असे ओरडत होते, जणू सीमा वरळीतच आहे. डोममध्ये एसी असून सदरा भिजला.

टीव्हीवर कळत नाही ती गोष्ट म्हणजे आवाज. ठोसा अंगावर बसला की ओल्या गादीवर काठी मारल्यासारखा आवाज येतो, आणि हातमोज्यावर अडवला की कोरडा, टाळीसारखा. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर आम्ही डोळे मिटूनही सांगू शकलो असतो कोणाचा लागला. शेवटच्या फेऱ्यांत विजेंदर दमला होता. पाय चालत नव्हते, पोरगा अंगावर येत होता, आणि विजेंदर मिठी मारून, रेटून, अनुभवाने वेळ काढत होता. निकाल ९६-९३, ९५-९४, ९५-९४. दोन पंचांच्या कागदावर एकेका गुणाचा फरक. याला जाहिरात म्हणायचं?

जिंकल्यावर माइक हातात घेऊन म्हणाला, सीमेवर शांतता राहावी म्हणून हा पट्टा झुल्पिकारला परत द्यायला तयार आहे. डोम क्षणभर गप्प. आमच्या मागचा एक गृहस्थ म्हणाला, "अरे, आत्ता तर ओरडून ओरडून घसा बसला!" मला मात्र ते आवडलं.

परत येताना रात्री गाडीत जागा नव्हती, वलसाडपर्यंत दारात बसून आलो.

ठोसेबाज८२

@शताब्दीवाला, झकास. "ओल्या गादीवर काठी" हे ज्याने खाल्लंय त्याला पटेल.

@ओळखा_पाहू यांच्या अर्ध्या खऱ्याबद्दल. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये सुरुवातीच्या लढती प्रवर्तक, म्हणजे लढत भरवणारा, निवडतो. नवीन माणसाला चार फेऱ्यांची लढत, समोर असा कोणी, जो उभा राहील पण धोका देणार नाही. तिकिटं घरच्या बॉक्सरच्या नावावर विकली जातात, म्हणून तो हरणं धंद्याला परवडत नाही. हे सगळ्यांच्याच बाबतीत होतं. विजेंदरचंही तेच. मँचेस्टरला लढत, सनी व्हायटिंग, तिसऱ्या फेरीत थांबवली. असे सहा जण ओळीने वेळेआधी संपवले. जुलै २०१६ मध्ये दिल्लीला केरी होपशी पहिल्यांदा पूर्ण दहा फेऱ्या, आणि डब्ल्यूबीओ या जागतिक संघटनेचा आशिया पॅसिफिक पट्टा. इथून पुढे प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा पायरी पायरीने चढायला हवा होता. चढला नाही. बाडू जॅकच्या वेळी चढला. माझी तक्रार तिथे आहे, वयापाशी नाही. २०१८ हे अख्खं वर्ष एकही लढत नाही. बत्तिशीतल्या बॉक्सरने वर्षभर घरी बसणं म्हणजे गवयाने गळा बासनात बांधून ठेवण्यासारखं.

सुरसागरकाठचा

हा मुद्दा मला बोचला आणि पटला. आकडे काढून बसलो. बाडू जॅकची पहिली हार फेब्रुवारी २०१४, डेरेक एडवर्ड्सकडून, तीही पहिल्याच फेरीत आडवा. तेव्हा वय तीस. चौदा महिन्यांत जगज्जेता. विजेंदरची पहिली हार १९ मार्च २०२१, पणजीत मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या जहाजावर, रशियाच्या आर्तीश लोपसानकडून, पाचव्या फेरीत. वय पस्तीस. त्याआधी सोळा महिने लढत नव्हती, मध्ये करोना. लोपसान सहा फूट चार इंच, नऊ वर्षांनी लहान.

म्हणजे हरणं दोघांनाही आलंच. एकाच्या पुढे वेळ होता, दुसऱ्याच्या पुढे नव्हता. उशिराचा मुद्दा मी सोडत नाही, पण २०१५ नंतरचीही वर्षं वाया गेली, हे तुमचं म्हणणं त्यात मिळवतो.

मांडवीचा_मांजा

गोव्यातली मांडवी नदी वेगळी आणि आमची बडोद्यातली मांडवी वेगळी, नोंद घ्यावी. इथे फक्त पतंगाची लढत होते.

बखरवाचक

अवांतर आहे, पण राहवत नाही. बडोद्याला बॉक्सिंग नवं नाही. खंडेराव महाराजांच्या काळात इथे नखीची कुस्ती होत असे. मल्ल हाताला शिंगाची नखं बांधून एकमेकांना ओरबाडत. लुई रूसेले नावाचा फ्रेंच प्रवासी १८६० च्या दशकात इथे होता, त्याने ती पाहून लिहून ठेवली आहे. मल्लांना भांग पाजून उतरवत. मैसूरकडे ज्यांना जेट्टी म्हणतात त्यांच्या वज्रमुष्टीचाच हा प्रकार. राजाश्रय गेला तसा खेळ गेला.

प्रश्न असा पडतो, की त्या मल्लांना पगार होता, म्हणजे ते हौशी की व्यावसायिक?

निवृत्त_कारकून

@बखरवाचक, पगार आणि निवृत्तिवेतन दोन्ही असेल तर सरकारी. :)

ओळखा_पाहू

बरं, वरळीचं वाचून थोडा नरमलो. पण एक सांगा, २०१६ मध्ये व्यावसायिकांना ऑलिंपिकची परवानगी मिळाली होती ना? मग रिओला का नाही गेला?

ठोसेबाज८२

परवानगी जूनमध्ये आली, ऑगस्टमध्ये स्पर्धा, आणि मध्ये जुलैत केरी होपची लढत ठरलेली. दहा फेऱ्यांची तयारी करणारा माणूस दोन महिन्यांत परत तीन फेऱ्यांच्या धावपळीचा होत नाही. श्वासाची लयच वेगळी. विकास कृष्णनने नंतर तो प्रयोग केला, व्यावसायिक होऊन परत टोकियोला उतरला, पहिल्याच लढतीत बाहेर.

शेवटची लढत रायपूरला, १७ ऑगस्ट २०२२. घानाचा एलियासू सुली, दुसऱ्या फेरीत आडवा. एकूण १४ लढती, १३ विजय, ९ वेळेआधी.

सुरसागरकाठचा

काल त्या पोराला घरी बोलावून बाडू जॅकची लढत दाखवली. चारही फेऱ्या बघितल्या, मोबाइलला हात लावला नाही. संपल्यावर म्हणाला, "काका, हा बाडू जॅक एवढा बारीक होता?" विजेंदरबद्दल चकार शब्द नाही! मग जाता जाता चपला घालताना, "ती ७-० वाली पाठवा ना." पाठवली आहे. दोन निळ्या टिका आल्या, पुढे काही नाही.

पुरणाचा_घास

आमच्याकडेही सगळ्यांनी मिळून बघितली. सासूबाई म्हणाल्या, मुलगा देखणा आहे. लेकीचं वजन रविवारी सकाळी सातला आहे, त्यामुळे शनिवारी घरात पुरण नाही, श्रीखंड नाही, काही नाही. ठोसेबाज दादा, एक विचारायचं होतं, पट्ट्या धुतल्यावर फार चुरगळतात. इस्त्री केली तर चालेल का?

ठोसेबाज८२

ताई, इस्त्री अजिबात नको. टोकाला चिकटपट्टी असते ती वितळते, माझ्या आईने दोन जोड असेच घालवले. ओल्या असतानाच ताणून घट्ट गुंडाळी करा, मग दोरीवर. आणि रविवारचं वजन झालं की लगेच लिंबू-मीठ-साखरेचं पाणी आणि केळं द्या, सेवउसळ संध्याकाळी. कोणाविरुद्ध आहे पहिली लढत? डावखुरी असेल तर शनिवारी आधी सांगा.